दगडाचं दुसरं टोक

नाना,

तुझ्या शोकसभेत मला बोलायला उभं केलं तेव्हा मी दोन वाक्यं बोललो आणि खाली बसलो. 'नाना गेला. गाव पोरकं झालं.' पहिलं खरं होतं. दुसरं माझ्याआधीच्या माणसाने म्हटलं होतं, तेच मी पुन्हा म्हटलं. लोकांना वाटलं, मास्तरांचा कंठ दाटला. कंठ दाटला नव्हता, नाना. राग आला होता.

शाळेच्या त्या खोलीत डोक्यावर बल्ब जळत होता, आणि उभा राहिलेला प्रत्येक जण त्याच्याकडे बोट दाखवून सांगत होता की हा उजेड नानांचा. मी खिडकीतून समुद्राच्या बाजूला बघत होतो. त्या बाजूला कोळीवाडा आहे हे ज्याला ठाऊक आहे त्यालाच ठाऊक. दिसत काहीच नव्हतं.

आता तुझ्या वर्षश्राद्धाला तुझा मुलगा एक पुस्तिका काढतोय. म्हणाला, ''काका, तुम्ही बाबांच्या सगळ्यांत जवळचे. दोन पानं तरी लिहा.'' जवळचा होतोच. म्हणून तर इतकी वर्षं गप्प होतो. तुझा जन्म, तुझं शिक्षण, तू सरपंच कसा झालास, ते बाकीचे लिहितील. मला जे लिहायचं आहे ते तुला उद्देशून आहे. तुझ्या मुलाने ते छापावं की चुलीत घालावं, ते त्याने ठरवावं. मी मात्र एक अक्षर बदलणार नाही, हे त्याला आधीच सांगून ठेवलंय.

तू मला 'मुक्या' म्हणायचास. चुलतभाऊ, तोही थोरला, तेव्हा तुझा हक्कच होता. पंगतीत, देवळात, माझ्या सासरच्या माणसांसमोर. ''आमचा मुक्या बघा, शाळेत पोरांना बोलायला शिकवतो!'' सगळे हसायचे. मीही हसायचो. आज कबूल करतो, मला ते कधी आवडलं नाही. आणि हेही कबूल करतो की तू एखाद्या दिवशी तसं म्हणाला नाहीस तर मला चुकल्यासारखं व्हायचं. तुझी ही चाल मला पुरती कळली नाही. माणसाला चिमटा काढायचास आणि त्यानेच पुन्हा हात पुढे करावा अशी वेळ आणायचास.

संस्थान विलीन झालं त्या सुमाराची ती संध्याकाळ आठवते? आपण मुरुडहून मचव्यातून परतत होतो. तू ऐन उमेदीत, मी तुझ्या मागे मागे. टेकडीवर नवाबाच्या राजवाड्यात दिवे लागले आणि त्यांचं प्रतिबिंब पाण्यात हलायला लागलं. मचव्यातले कोळी वल्ही थांबवून बघत राहिले. तू उभा राहिलास, मचवा डुगडुगला, कोणीतरी तुला शिवी हासडली. तू म्हणालास, ''हे दिवे टेकडीवरून खाली उतरवून आणतो की नाही बघा.'' ज्या माणसाने शिवी दिली होती तोच म्हणाला, ''आना, नाना. आमचे दारी पन आना.'' तो काशिनाथ होता. पुढे तो तांडेल झाला, कोळीवाड्याचा म्होरक्या झाला. तू त्याच्या खांद्यावर हात ठेवून ''तुझ्या दारी आधी'' म्हणालास.

तुला त्या वेळी तसंच वाटत होतं यावर माझा आजही विश्वास आहे. रागाच्या भरातही तो विश्वास जात नाही, आणि त्याने राग अधिकच वाढतो.

कारण तू ते करून दाखवलंस. महाराष्ट्र झाला, पंचायती आल्या, तू सरपंच झालास आणि अलिबागच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवलेस. एसटीच्या मागच्या बाकावर बसून, अंगभर लाल धूळ घेऊन तू यायचास आणि ओटीवर पाय धुता धुता साहेबांच्या नकला करायचास. एक साहेब नाकात बोलायचा. त्याची नक्कल बघून वहिनीला ठसका लागायचा. मीही त्या आठवणीने आज इथे, एकटा बसून, हसलो. तेवढं तुझं देणं लागतो. माझ्या आईच्या शेवटच्या आजारपणात मुरुडचे डॉक्टर मुंबईला गेले होते, तर तू आगरदांड्याला जाऊन, खाडीवरच्या तरीवाल्याला शिव्या घालून, दिघीपलीकडून डॉक्टर घेऊन आलास. वारा असा होता की तरीवाला स्वतःच्या बापासाठी निघाला नसता. हे मी विसरलेलो नाही. तुझ्यावर धड रागावताही येऊ नये अशी व्यवस्था तू आयुष्यभर करून ठेवलीस.

आपल्या आळीत वीज आली तो दिवस. खांबांना झेंडूच्या माळा, मीटरला हळदकुंकू. दिवेलागणीची वेळ धरून खटका दाबायचा असं तूच ठरवलं होतंस. दिवा लागला आणि आळीतल्या सगळ्या बायकापुरुषांचे हात आपोआप जोडले गेले. रोज समई लावल्यावर जोडतो तसेच. कोणी कोणाला सांगितलं नाही. काही म्हातारी माणसं सरळ खांबाकडे तोंड करून हात जोडून उभी. तू तुझ्या ओटीच्या पायरीवरून ओरडलास, ''अरे, खांबाला कसले हात जोडताय? मला जोडा!''

हशा पिकला. काही जणांनी खरोखरच तुझ्याकडे वळून हात जोडले. त्यांत मी होतो.

काशिनाथ तांडेल त्या दिवशी कोळीवाड्यातली पंधरावीस माणसं घेऊन आला होता. अंगणाबाहेरच्या रस्त्यावर ती उभी होती. परत जाताना तो तुला एवढंच म्हणाला, ''नाना, आता आमचा कवा?'' तू म्हणालास, ''पावसाळा संपू दे.''

कोणता पावसाळा ते तू सांगितलं नव्हतंस.

ज्यांना आपलं गाव ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. आळी वर, समुद्र खाली, मध्ये आपल्या दोघांच्या वाड्या. आजोबांनी दोन मुलांना वाटून दिलेल्या, मधोमध शेराचं कुंपण. वाड्यांच्या खालच्या अंगाला पायवाट, आणि पायवाटेच्या पलीकडे कोळीवाडा. आळीतला शेवटचा खांब तुझ्या कुंपणाशी. तिथून कोळीवाड्यात तार न्यायची तर वाटा दोनच: तुझ्या वाडीतून सरळ, नाहीतर माझ्या वाडीतून थोडी वळून. तार जाते तिथे माड ठेवता येत नाहीत. झावळी पडली की तार तुटते. म्हणजे तुझी नाहीतर माझी माडांची एक ओळ जाणार.

देशावरचा एक ओव्हरसियर आला. त्याने तुझ्या वाडीतल्या माडांवर चुन्याच्या खुणा केल्या. तू स्वतः त्याला शहाळं दिलंस. ''तोडा हो, गावाच्या कामाला माझी वाडी काय?'' असं काशिनाथच्या देखत म्हणालास. पंचायतीची निवडणूक तोंडावर होती आणि कोळीवाड्याशिवाय तू निवडून येत नव्हतास. दुसरं काही म्हणणं तुला शक्यच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तू माझ्याकडे आलास. सगळं गाव जेवून आडवं झालेलं. तू ओटीच्या खाली उभा राहून हळूच म्हणालास, ''मुक्या, चल. जरा हात लाव.''

मी काय, कुठे, काही विचारलं नाही. तुझ्या विहिरीपाशी गेल्यावर कळलं. रहाटाच्या मागे, तेरड्याच्या रानात, आपल्या वाडीच्या राखणदाराचा दगड. आजी असेपर्यंत त्याला रोज दिवा असे. तिच्यामागे वर्षातून एकदा नारळ, तोही तूच ठेवायचास. घराबाहेरच्या कोणी तो पाहिलेला नव्हता. प्रत्येक वाडीत कुठेतरी राखणदार असतो एवढंच लोकांना माहीत असतं. कुठे असतो, ते ज्याची वाडी त्याला.

''हा इथून तिकडे न्यायचा,'' तू म्हणालास. तिकडे म्हणजे खालच्या कुंपणाशी, पायवाटेच्या कडेला, चुन्याची खूण केलेल्या त्या वाकड्या माडाच्या बुडाशी.

माझ्या लक्षात यायला वेळ लागला नाही. मी म्हणालो, ''नाना, देव आहे तो.''

''मग? मी कुठे मोडतोय? बदली करतोय. सरकारी नोकरांची होत नाही का? तू एक टोक धर.''

दगड एकट्याने उचलण्यासारखा नव्हता. हे मी आज मुद्दाम लिहितो. मी घरी निघून गेलो असतो तर दगड तिथेच राहिला असता. तू आळीतल्या दुसऱ्या कोणाला बोलावू शकत नव्हतास. मी दगडाचं दुसरं टोक धरलं. खाली ओली माती होती, तिच्यातून एक घोण निघाली आणि तू ''हात् तिच्यायला'' म्हणून मागे उडालास, तेव्हा आपण दोघंही हसलो. हसलो, नाना. त्या दगडासकट. वाटेत दोनदा टेकवला. शेंदूर तू आणला होतास, लाल फडकं होतं, नारळ होता. शेंदूर कालवला मी, कारण तुला ते हात बरबटणं आवडत नव्हतं.

मी का केलं, हे तू कधी विचारलं नाहीस. तुला उत्तर ठाऊक होतं असं वाटतं. एक तर तू बोलावलंस म्हणून. तुला माझी गरज पडली याचं त्या दुपारी मला बरं वाटलं होतं. आणि दुसरं कारण असं की तुझ्या वाडीत देव निघाला म्हणजे सगळं प्रकरणच थंडावेल, माझ्या माडांपर्यंत कोणी येणार नाही, असा मी हिशेब केला होता. तू देवाला तुझ्या माडाखाली बसवलंस. मी त्याच्या पाठीमागे माझे माड लपवले.

सकाळी तोडणारे गडी आले. कोयते खाली ठेवून चार हात मागे सरले. तू तोपर्यंत स्वप्नही तयार ठेवलं होतंस: राखणदार उशाशी आला, म्हणाला, माझ्या छायेला हात लावू नका. ओव्हरसियर डोकं खाजवत म्हणाला, ''सरपंच, माणूस आडवा आला असता तर मी समजूत घातली असती. याला काय सांगू? दुसरी वाट आहे का?''

तू माझ्याकडे पाहिलंस.

मी म्हणालो, ''माझ्या वाडीत पाणथळ आहे. खांब टिकणार नाही.''

बरं बोललास, मुक्या, असं तू नंतर म्हणालास. पाणथळ होती ती श्रावणातले चार दिवस. एरवी त्या जमिनीवर माझा बैल घसरत नव्हता.

काशिनाथ आला. मला वाटलं होतं तो भांडेल. त्याने पायातल्या वहाणा काढल्या, वाकड्या माडापुढे हात जोडले आणि आपल्या माणसांना म्हणाला, ''राखणदाराचा माड हाय. मंग तोडाचा कसा? आपले नशिबी नसंल.'' आणि तुझं सांत्वन करायला लागला. तुझं! ''नाना, तुमी लय खटपट केली.'' तू मान खाली घातलीस. ती मान शरमेने खाली गेली होती की हसू लपवायला, यावर मी पुढे कित्येक संध्याकाळी विचार केला. आता ते कळायचा मार्ग नाही.

त्या पायवाटेने कोळणी पाट्या घेऊन वर यायच्या. महिन्याभरात माडाखाली फुलं दिसायला लागली. मग उदबत्त्या. होडी नव्याने पाण्यात लोटायची असली की नारळ. ज्याच्यामुळे त्यांच्या घरी अंधार होता त्याच्याचपुढे ते दिवा ठेवत होते, आणि त्या दिव्यातलं तेल तेच घालत होते.

माझ्या वर्गात कोळीवाड्यातली पोरं बसायची. त्यांच्या वह्यांना घासलेटाचा वास यायचा. सकाळी आली की नाकपुड्या काळ्या. मी त्यांना म्हणायचो, ''नाक धुऊन या.'' दुसरं काही म्हणत नव्हतो.

आणि मग हिरा.

तुला तिचं नाव ऐकलं की विषय बदलायची सवय होती. आता बदलता येणार नाही. काशिनाथची सून. आपल्या दोन्ही घरी मासळी घालायची. तिच्याइतक्या झपाट्याने सुरमई कापणारी बाई मी पाहिली नाही. बोलणंही तसंच. तुला तोंडावर म्हणायची, ''नाना, ताजी हाय का म्हनून काय इचारता, तुमचेपेक्षा ताजी हाय!'' आणि तू खूश व्हायचास.

त्या वर्षी काशिनाथने नायलॉनचं नवं जाळं घेतलं होतं. पहाटे हिरा घरात बसून चिमणीच्या उजेडात जवळा निवडत होती. चिमणी कलंडली. घासलेट जाळ्यावर. सुताचं जाळं असतं तर धुमसलं असतं. नायलॉन भडकलं आणि वितळून चिकटलं. तिने ते हातांनी ओढून दाराबाहेर फेकलं, म्हणून घर वाचलं, झावळ्यांचं सगळं छप्पर वाचलं. हात गेले. म्हणजे आहेत, पण बोटं तळव्याकडे वळलेली, पक्ष्याच्या पायासारखी. मासळी कापणं संपलं.

काही महिन्यांनी ती पायवाटेने वर आली. माडापुढे उभी राहिली. जीव वाचला म्हणून नारळ बोलली होती. तिला फोडता येईना, नवऱ्याने फोडला. अर्धी वाटी देवापुढे आणि अर्धी सरपंचांना. तू कुंपणाशी उभा होतास, मी तुझ्या शेजारी. तू वाटी घेतलीस, खिशातल्या चाकूने खोबरं काढलंस, एक तुकडा तोंडात टाकलास आणि एक माझ्या हातावर ठेवलास.

मी खाल्ला. गोड होतं खोबरं. तेही आठवतं.

ती दिसेनाशी झाल्यावर मी तुला पहिल्यांदा म्हणालो, ''नाना, दगड परत नेऊ. मी हात लावतो.''

तू चाकू धोतराला पुसलास. ''आता? आता तो तिथलाच झाला.''

''तिचे हात बघितलेस?''

''माझ्या माडाने जाळले काय तिचे हात? चिमण्या सगळ्या गावात होत्या. परवा परवापर्यंत तुझ्या घरात होती.''

''आता नाही ना पण.''

''मग दे तुझी वाडी!'' तू पहिल्यांदाच माझ्यावर आवाज चढवलास. ''तुझे माड तोड. मी कुठे तुझा हात धरलाय? का पाणथळ आहे अजून?''

तू शांत झालास. खांद्यावर हात ठेवलास, तसाच, मचव्यात काशिनाथच्या खांद्यावर ठेवला होतास तसाच. म्हणालास, ''एकट्याला उचलवत असेल तर उचल, मुक्या.''

आपलं भांडण इथे थांबलं, नाना. संपलं नाही. त्यानंतर तू दोनदा निवडून आलास. आपण सणावारी एकत्र जेवलो, पत्ते खेळलो, तुझ्या मुलीच्या लग्नात मी मांडव घातला. आणि प्रत्येक वेळी तुझ्या ओटीवरून उठताना मी मनात तेच वाक्य पुढे न्यायचो. तू विषय काढशील म्हणून वाट बघायचो. शेवटच्या दुखण्यात मी तुझ्या उशाशी बसलो होतो. वहिनी काढा आणायला आत गेली. तू खूण करून मला जवळ बोलावलंस. मला वाटलं, आता. तुला सगळं माफ करायची माझी तयारी होती, अगदी वाक्य तयार होतं.

तू म्हणालास, ''खालचे नारळ उतरवलेस का?''

तुला त्या क्षणी मी जितकं धिक्कारलं तितकं आयुष्यात कोणाला धिक्कारलं नाही. आणि मी काय म्हणालो? ''उतरवतो.''

तुझे दिवस झाले. त्यानंतर एका सकाळी मी खालच्या पायवाटेने कोळीवाड्यात गेलो. हे धैर्य तू गेल्यावर आलं, याचा मला अभिमान नाही. तुझ्या देखत जमलं नाही ते तुझ्या पाठीमागे करतोय, हे ठाऊक होतं.

काशिनाथ जाळं दुरुस्त करत होता. हिरा उंबऱ्यात बसली होती. मी उभ्यानेच सांगितलं. विहीर, दगड, दुपार, शेंदूर, माझी पाणथळ. इतकं सलग मी वर्गातही कधी बोललो नव्हतो.

काशिनाथचे हात थांबले. मग म्हणाला, ''मास्तर, ह्ये तुमी आमाला आता सांगताव? नाना गेल्याव?''

''हो.''

''त्याला इचाराला आता आमी कुठं जाव?''

तेवढ्यात उंबऱ्यातून हिराने विचारलं, अगदी साध्या आवाजात, बाजारात भाव विचारावा तशी:

''मंग माजा नारल कोनी खाल्ला?''

नाना, हा प्रश्न तुझ्या वाट्याचा होता. निम्मा तरी. मी एकट्याने उत्तर दिलं. ''आम्ही दोघांनी.''

ती उठून आत गेली. रडण्याचा आवाज आला नाही, भांड्यांचा आला.

मी काशिनाथला म्हणालो, ''माड तोडा. त्याच्यात काही नाही. मी वहिनीशी बोलतो.''

तो उठला. मला वाटलं अंगावर येतो. म्हणाला, ''दगड तुमचे आज्याचा व्हता ना? त्यो तरी खरा?''

''दगड खरा.''

''मंग देव खरा. जागा तुमी खोटी केली. तुमी दोघांनी एकदा हलवला त्यो बास झाला. आता त्याला कोनी हात लावाचा न्हाय.'' आणि बोट माझ्या वाडीकडे करून म्हणाला, ''तार तिथून न्या. तुमचे माड जातील तर जाऊ द्या.''

त्याने विनंती केली नाही. मला ते बरं वाटलं.

घरी आल्यावर बायकोला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, ''म्हणजे त्या दिवशी तुमच्या सदऱ्याला शेंदूर होता तो हा. मी देवळातला समजले.'' सूप बाजूला ठेवलं. ''कोणती ओळ?'' मी सांगितलं: बाबांनी लावलेली. संध्याकाळी ती त्या ओळीतल्या प्रत्येक माडाच्या बुडाशी तांब्याभर पाणी घालून आली.

वीजखात्यात या खेपेला मी गेलो. तुझ्यासारख्या नकला करत गेलो नाही, बाकावर बसून राहिलो. नाकात बोलणारा साहेब अजून तिथेच आहे. हुबेहूब तुझ्यासारखा बोलतो रे. मला हसू आलं, त्याला वाटलं मी वेडा आहे. पावसाआधी माड पडले. माड पडताना आधी काही होत नाही, मग एकदम जमीन पायाखाली दचकते. प्रत्येक वेळी मी डोळे मिटले. पाऊस गेल्यावर खांब आले. माझ्या पाणथळीत, नाना, एकही खांब कललेला नाही.

ओळ गेल्यावर एक गोष्ट झाली. माझ्या मागच्या पडवीतून कोळीवाडा दिसायला लागला. इतकी वर्षं माड मध्ये होते. पावसाळाभर संध्याकाळी आमच्याकडे बल्ब लागला की समोर त्या फटीतून चिमण्या लागलेल्या दिसायच्या, एकेक करून, बारीक, पिवळ्या. मी रोज पाहिल्या. पाहायच्या नाहीत असं ठरवूनही पाहिल्या. तू इथे बसून एकदा तरी पाहायला हव्या होत्यास.

गेल्या आठवड्यात कोळीवाड्यात वीज आली. पहिला दिवा कुठे लावायचा ते काशिनाथने ठरवलं होतं: पायवाटेवर, तुझ्या वाकड्या माडासमोरच्या खांबावर. बायका पहाटे पाट्या घेऊन तिथूनच निघतात, हे एक कारण. दुसरं तुला सांगायला नको. तू जिवंत असतास तर भाषण ठोकलं असतंस. खोट्या जागी देव बसवलास तू, आणि पहिला उजेड त्यालाच. या बाबतीतही तू जिंकलास. मला ते सहन होत नाही.

खटका हिराने दाबायचा असं ठरलं. तो गोल, काळा, बारीक दांडीचा खटका. तिची बोटं उघडेनात. कोणीतरी पुढे झालं, तिने मान हलवून त्याला मागे सारलं. मग हात फिरवून मनगटाच्या हाडाने दांडी खाली दाबली. दिवा लागला. माडाचं वाकडं खोड, शेंदूर, लाल फडकं, सगळं एकदम समोर आलं. सगळ्यांचे हात जोडले गेले. हिराला तळवे जोडता येत नाहीत. तिने मनगटं जोडली.

काशिनाथने नारळ फोडला आणि खोबऱ्याचे तुकडे वाटत आला. माझ्यापाशी आला, तुकडा पुढे केला. मी हात पसरला होता. मागून हिरा म्हणाली, ''त्याना नको. त्यांचा खाऊन झालाय.''

कोणी हसलं नाही. काशिनाथ पुढच्या माणसाकडे गेला.

मी पसरलेला हात मागे घेतला. त्याचं काय करावं ते कळेना. दुसरा हात त्याला लावला. तुझा माड समोर होता, तुझी वाडी समोर होती, तुझा तो पायरीवरचा आवाज माझ्या कानात होता. मी तोंड फिरवलं आणि माझ्या वाडीतून आलेल्या त्या शेवटच्या खांबाला हात जोडले.

तुला नाही, नाना. खांबाला.